पानगळ विसरलेल्या पेशी : मूत्राशयाच्या कर्करोगाचा दीडशे वर्षांचा इतिहास (धागा)

१/
इ. स. १९६७. अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. तपासणीसाठी त्यांच्या मूत्रातील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आल्या. निर्विवाद निष्कर्ष मात्र निघाला नाही. पेशी संशयास्पद होत्या, पण कर्करोगाच्या आहेत असे ठामपणे म्हणता येईना. तो नमुना जतन करून ठेवण्यात आला. त्यातील पेशींनी आपले उत्तर दिले ते २७ वर्षांनी. ते उत्तर समजून घ्यायचे तर आधी फ्रँकफुर्टच्या एका रंगकारखान्यात जावे लागते.

२/
इ. स. १८५६ मध्ये लंडनमधील अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोळशाच्या डांबरापासून क्विनाइन बनवू पाहत होता. क्विनाइन मिळाले नाही. मिळाला जांभळा रंग. या अपघातातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला आणि जर्मनीने तो जगभर पसरवला. १८६९ मध्ये मंजिष्ठेचा लाल रंग प्रयोगशाळेत तयार झाला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीचे भाव कोसळू लागले. चंपारणमधील मळेवाल्यांनी आपला तोटा कुळांवर लादला. १९१७ च्या सत्याग्रहाच्या पार्श्वभूमीत हे जर्मन रसायनशास्त्रही आहे. त्या उद्योगाची दुसरी किंमत मात्र खुद्द कारखान्यांच्या आत मोजली जात होती.

३/
लुडविग रेन हे फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक. १८९६ मध्ये धडधडत्या हृदयाची जखम शिवून रुग्ण वाचवल्याबद्दल वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव आहे. त्याच्या एक वर्ष आधी, १८९५ मध्ये, जर्मन शल्यचिकित्सकांच्या परिषदेत त्यांनी एक छोटे निवेदन केले होते. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग तयार करणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात अर्बुदे आढळली होती. एवढ्या लहान समूहात एवढा विरळ आजार योगायोगाने यावा, हे रेन यांना पटले नाही. रुग्ण कशावर काम करतो, हा प्रश्न त्यांनी विचारला.

४/
हा प्रश्न अगदी नवा नव्हता. १७७५ मध्ये पर्सिव्हल पॉट यांनी लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांचा कर्करोग काजळीशी जोडला होता. परंतु त्वचेवरचा व्रण डोळ्यांना दिसतो. मूत्राशय शरीराच्या आत दडलेले. त्याच्या आत पाहण्याची व्यवहार्य सोय १८७९ मध्ये मॅक्सिमिलियन निट्झे यांच्या दुर्बिणीने झाली. रेन यांचे निवेदन याच पिढीतले आहे. उपकरण, उद्योग आणि चौकस वैद्य या तिन्ही गोष्टी एकाच शहरात जुळून आल्या.

५/
रेन यांचे निरीक्षण अचूक होते. निदान केलेला गुन्हेगार मात्र बहुधा चुकीचा. त्यांनी ॲनिलिनला दोषी धरले आणि ‘ॲनिलिन कर्करोग’ हे नाव रूढ झाले. पुढे संशयाची सुई त्याच कारखान्यांतील दुसऱ्या द्रव्यांकडे वळली. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला आणि बेंझिडीन व बीटा-नॅफ्थिलअमाइन या दोन अमाइनांकडे स्पष्ट बोट दाखवले. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर लगेचच धोका कागदावर आलेला होता.

६/
कागदावरचा धोका यंत्रे थांबवत नाही. विल्हेल्म ह्यूपर हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले विकृतिशास्त्रज्ञ ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. उंदीर-घुशींवर फारसा परिणाम न करणारे बीटा-नॅफ्थिलअमाइन त्यांनी कुत्र्यांना दीर्घकाळ दिले आणि त्यांच्या मूत्राशयात अर्बुदे निर्माण झाली. हे संशोधन १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. तोपर्यंत ह्यूपर यांची नोकरी गेलेली होती. पुढे १९४२ मध्ये त्यांनी व्यवसायजन्य अर्बुदांवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि १९४८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत पर्यावरणजन्य कर्करोगाचा विभाग सांभाळला.

७/
कुत्र्यांचा पुरावा मिळाला, तरी माणसांचा हिशेब बाकी होता. तो ब्रिटनमध्ये रॉबर्ट केस यांनी मांडला. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश रसायन उद्योगातील हजारो कामगारांच्या नोंदी आणि मृत्यूचे दाखले एकमेकांशी ताडून पाहिले. १९५४ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष सुन्न करणारा होता : या द्रव्यांच्या सान्निध्यात काम केलेल्यांमध्ये मूत्राशयाच्या अर्बुदाने होणारे मृत्यू सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानाने सुमारे तीस पट होते. संपर्क आणि आजार यांमध्ये सरासरी पंधरा-वीस वर्षांचे अंतर पडत होते.

८/
या अंतरातच सारी मेख आहे. तरुणपणी कारखान्यात शिरलेला माणूस प्रौढपणी, अनेकदा नोकरी सोडल्यानंतर, आजारी पडे. तोवर हजेरीपटावरून त्याचे नाव गेलेले असे. ब्रिटनमध्ये बीटा-नॅफ्थिलअमाइनचे उत्पादन १९४९ मध्ये थांबले, कायदेशीर बंदी १९६७ मध्ये आली. भारतात बेंझिडीनवर आधारित रंगांवर १९९० च्या दशकात निर्बंध आले. रेन यांच्या निवेदनापासून मोजले तर जवळजवळ शतक. आणि कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्यांची सुटका झालीच नाही. कारण याच कुळातील अमाइने तंबाखूच्या धुरातही असतात.

९/
आता इतिहासाची दुसरी वाट. ही अमाइने शरीरात शिरतात, यकृतात त्यांचे रूपांतर होते, मूत्रपिंडे त्यांना गाळतात आणि मूत्राशयात ती तासन्‌तास साठून राहतात. अस्तराच्या पेशींतील डीएनएला त्यांची इजा होते. पण इजा झालेली पेशी मरून का जात नाही? शरीराने तिला जगू का द्यावे? एकोणिसाव्या शतकातील कोणत्याही वैद्याकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कारण पेशीचा मृत्यू हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, असेच फारसे कोणाला वाटत नव्हते.

१०/
खुणा मात्र होत्या. १८४२ मध्ये कार्ल फोख्ट यांना बेडकाच्या वाढत्या पिलात काही पेशी शिस्तीने नाहीशा होताना दिसल्या. १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंग यांनी अंडाशयातील मरणाऱ्या पेशींचे केंद्रक कसे तुटते याची चित्रे काढली. दोन्ही निरीक्षणे मागे पडली. पेशीविभाजन हे जीवनाचे रहस्य मानले जाई. मृत्यू म्हणजे केवळ बिघाड. १९६४ मध्ये रेशीम-पतंगाच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या लॉक्शिन आणि विल्यम्स यांनी ‘नियोजित पेशीमृत्यू’ हा शब्दप्रयोग वापरला, तेव्हा मृत्यूलाही वेळापत्रक असू शकते ही कल्पना रुजू लागली.

११/
त्याच सुमारास जॉन केर हे ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञ लंडनमध्ये पीएच.डी. करत होते. उंदरांच्या यकृताचा काही रक्तपुरवठा त्यांनी बांधून टाकला आणि काय होते ते पाहिले. काही भागातील पेशी अपेक्षेप्रमाणे फुगून फुटल्या, आजूबाजूला दाह झाला. परंतु उरलेल्या भागात एखाददुसरी पेशी निमूटपणे आक्रसत होती, तिचे लहान लहान तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकत होत्या. दाहाचा मागमूस नव्हता. ब्रिस्बेनला परतल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांनी हा शांत मृत्यू बारकाईने टिपला.

१२/
केर यांच्या कामाने स्कॉटलंडमधील ॲबर्डीनचे प्राध्यापक ॲलस्टेअर करी आणि त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वायली यांचे लक्ष वेधले. अगदी असेच मृत्यू ते वेगळ्या ऊतींत पाहत होते. तिघे एकत्र आले. या प्रकाराला नाव काय द्यावे? विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉरमॅक यांनी एक जुना शब्द सुचवला : ‘ॲपॉप्टोसिस’, म्हणजे झाडावरून पाने गळणे. ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये त्यांचा लेख आला. विज्ञानाला मराठीत सांगायचे तर ‘पानगळ’ हा शब्द मिळाला होता.

१३/
उपमा वरवरची नाही. वाऱ्याने फांदी मोडणे वेगळे आणि झाडाने देठाशी थर तयार करून पान स्वतःहून सोडणे वेगळे. पहिला अपघात, दुसरी व्यवस्था. या तिघांनी आणखी एक गोष्ट नोंदवली : अर्बुदांतही ही पानगळ चालू असते. म्हणजे अर्बुदाची वाढ केवळ पेशी किती वेगाने जन्मतात यावर ठरत नाही. त्यातून किती मरतात ते वजा करावे लागते. कर्करोगाकडे अनियंत्रित जन्म म्हणून पाहणाऱ्या शास्त्राला थांबलेल्या मृत्यूचाही विचार करणे भाग पडले.

१४/
तरीही या लेखाकडे दशकभर फारसे लक्ष गेले नाही. दिसणारी गोष्ट आणि तिच्यामागची यंत्रणा यांत अंतर होते. ते एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीने मिटवले. सिडनी ब्रेनर यांनी निवडलेल्या सी. एलेगन्स या कृमीच्या प्रत्येक पेशीची वंशावळ जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी मांडली. वाढीच्या काळात त्याच्या १,०९० पेशी तयार होतात आणि त्यांतील नेमक्या १३१ मरतात, दरवेळी त्याच. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी या मृत्यूची जनुके शोधली. २००२ चे नोबेल या तिघांना मिळाले.

१५/
मानवी कर्करोगाशी धागा १९८८ मध्ये मेलबर्नला जुळला. डेव्हिड व्हॉक्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ‘बीसीएल-२’ हे लिम्फोमाशी निगडित जनुक पेशींना भराभर वाढवत नाही. ते त्यांना मरू देत नाही. केर, वायली आणि करी यांच्या वजाबाकीला जनुकीय पुरावा मिळाला. कर्करोग घडवण्याचे दोन मार्ग आता स्पष्ट झाले : वेगमर्यादा तोडणे आणि मरणाचा हुकूम न मानणे.

१६/
या दोन्ही मार्गांवर मूत्राशयाच्या कर्करोगाने महत्त्वाचे दाखले पुरवले. १९८२ मध्ये मानवी अर्बुदातून प्रथमच वेगळे केलेले कर्कजनुक, ‘रास’, मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतूनच आले. तीन अमेरिकी प्रयोगशाळांनी ते जवळपास एकाच वेळी शोधले. त्यात एका अक्षराचा बदल होता. दुसरा दाखला ‘पी५३’ या प्रथिनाचा. १९७९ मध्ये ते सापडले तेव्हा ते कर्करोगाला मदत करते असे मानले गेले. १९८९ मध्ये उलटे सिद्ध झाले : निरोगी पी५३ अर्बुदाला आवर घालते. १९९१ मध्ये इस्राएलमधील संशोधकांनी दाखवले, की ते पेशीला पानगळीचा आदेशही देऊ शकते.

१७/
तिसरी वाट खुणांची. कर्करोग शरीरात असल्याची खूण द्रवात शोधण्याची कल्पना मूत्रातूनच जन्मली. १८४५ मध्ये लंडनचे हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे एका रुग्णाचे मूत्र आले; त्यात तापवल्यावर विरघळणारे आणि थंड होताच पुन्हा साकळणारे प्रथिन होते. ती अस्थिमज्जेच्या कर्करोगाची खूण ठरली. पुढची मोठी पावले शंभरहून अधिक वर्षांनी पडली : १९६३ मध्ये मॉस्कोत आबेलेव्ह यांच्या गटाने यकृताच्या अर्बुदाचे आणि १९६५ मध्ये माँट्रियलला गोल्ड व फ्रीडमन यांनी आतड्याच्या अर्बुदाचे प्रथिन शोधले.

१८/
मूत्राशयापुरते काम मधल्या काळात एका ग्रीक वैद्याने केले होते. ‘पॅप’ चाचणीमुळे ओळखले जाणारे जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९४५ मध्ये व्हिक्टर मार्शल यांच्यासह मूत्रात झडलेल्या पेशींवरून कर्करोग ओळखण्याची पद्धत मांडली. उग्र अर्बुदाच्या पेशी या पद्धतीत चांगल्या ओळखू येत. सौम्य अर्बुदाच्या पेशी मात्र निरोगी पेशींसारख्याच दिसत, आणि मधल्या छटांवर तज्ज्ञांचे एकमत होत नसे. हम्फ्री यांची काचपट्टी या मधल्या छटेत अडकली.

१९/
१९९१ मध्ये तीनही वाटा एकत्र आल्या. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड सिड्रान्स्की, बर्ट व्होगेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाची खोलवर पसरलेली १८ अर्बुदे तपासली; ११ मध्ये पी५३ जनुक बिघडलेले होते. त्यांनी तीन रुग्णांच्या मूत्रातील गाळही तपासला. तिघांच्याही गाळात तोच बिघाड सापडला, जरी तो केवळ १ ते ७ टक्के पेशींत होता. पानगळीचा आदेश देणाऱ्या जनुकाचा बिघाड आता लघवीच्या नमुन्यात वाचता येऊ लागला.

२०/
पेशीमृत्यूच्या आणखी दोन खुणा पाठोपाठ आल्या. मरणाऱ्या पेशींच्या केंद्रकातून मूत्रात उतरणाऱ्या ‘एनएमपी२२’ या प्रथिनाच्या चाचणीला १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. १९९७ मध्ये येल विद्यापीठात ‘सर्व्हायव्हिन’ सापडले : पानगळ रोखणारे, बहुतेक प्रौढ निरोगी ऊतींत न आढळणारे आणि अर्बुदांत भरपूर असणारे प्रथिन. २००१ मध्ये ते मूत्राशयाच्या कर्करोग्यांच्या मूत्रात मोजले गेले. तथापि मुतखडा किंवा जंतुसंसर्ग असला तरी एनएमपी२२ वाढते. म्हणून निट्झे यांच्या दुर्बिणीचे वारसदार आजही निवृत्त झालेले नाहीत.

२१/
आता पुन्हा हम्फ्री. मिनियापोलिसचे महापौर असताना १९४८ च्या पक्ष-अधिवेशनात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांची बाजू मांडली. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये संमत करून घेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६८ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि रिचर्ड निक्सन यांच्याकडून सुमारे पाच लाख मतांनी हरले. मूत्रातील त्या रक्ताला तेव्हा एक वर्ष झाले होते. १९७० च्या दशकात कर्करोगाचे निदान झाले, किरणोपचार झाले आणि १९७६ मध्ये त्यांचे मूत्राशय काढून टाकावे लागले. १३ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या आदरांजली सभेला निक्सन आले होते.

२२/
१९९४ मध्ये हॉपकिन्सच्या संशोधकांनी हम्फ्री यांचे दोन नमुने समोरासमोर ठेवले : १९७६ मध्ये काढलेले अर्बुद आणि १९६७ च्या मूत्रातील जतन केलेल्या पेशी. अर्बुदात पी५३ जनुकाचा विशिष्ट बिघाड होता. अगदी तोच बिघाड १९६७ च्या पेशींतही होता. शस्त्रक्रियेच्या नऊ वर्षे आधी कर्करोगाने आपली सही करून ठेवलेली होती. डोळ्यांना ती वाचता आली नव्हती, कारण ती पेशीच्या आकारात नव्हती, अक्षरांत होती.

२३/
इथे ‘जर-तर’चा मोह होतो. निदान १९६७ मध्येच झाले असते, तर हम्फ्री निवडणुकीला उभे राहिले असते का? व्हिएतनाम युद्धाचे, वॉटरगेटचे काय झाले असते? इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबावे. खूण सापडणे आणि प्राण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज लवकरच्या अवस्थेत मूत्राशयात सोडली जाणारी बीसीजी, म्हणजे क्षयावरची तीच लस, अल्व्हारो मोरालेस यांनी कॅनडात नऊ रुग्णांवर वापरल्याचा लेखच १९७६ चा आहे. १९६७ मध्ये उत्तर मिळाले असते, तरी पुढचे औषध तेव्हा फडताळात नव्हते.

२४/
या नमुन्याचा खरा धडा वेगळा आहे. दस्तऐवज जेव्हा निर्माण होतो, तेव्हा तो पूर्ण वाचता येईलच असे नाही. पण जपला असेल तरच पुढची पिढी तो वाचू शकते. उपराष्ट्राध्यक्षांच्या पेशी जपल्या गेल्या. फ्रँकफुर्टच्या त्या तीन कामगारांची नावेही इतिहासाच्या पुस्तकांत रूढ झाली नाहीत; ते ‘४५ पैकी ३’ म्हणून उरले. केस यांनी तीस पटींचा हिशेब मांडला तोही अशाच अनामिकांच्या हजेरीपटांवरून आणि मृत्यूच्या दाखल्यांवरून.

२५/
या इतिहासात शास्त्र उशिरा आले असे सरसकट म्हणता येत नाही. जनुके कळायला १९९१ उजाडावे लागले हे खरे. पण कामगारांना त्या दोन अमाइनांपासून दूर ठेवण्यासाठी पी५३ ची गरज नव्हती. त्यासाठी १९२१ चा अहवाल पुरेसा होता. पेशी पानगळ विसरली, हे रहस्य उलगडायला शतक लागले. माणसे का मरत आहेत हे त्याआधीच ठाऊक झाले होते. त्या दोन तारखांमधली वर्षे विज्ञानाच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

(समाप्त)
#इतिहास #विज्ञानाचाइतिहास #धागा